अडकलेला डाव

२०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा आणि २२ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत कायदा! माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या आपाने, ती बातमी उर्दू पेपरात वाचली आणि शुकरान्याच्या दोन रकात नफल पढल्या. तिचा मुलगा त्याच वेळी माळ्यावर बसून मोबाइलशी झटापट करत होता. त्याचे २३ हजार ४०० रुपये पोकरच्या एका ॲपमध्ये अडकले होते.

भाचा २६ वर्षांचा आहे. मालेगावात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, हात चांगला आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पुढे गोष्ट त्या नावापाशीच येणार आहे, त्यामुळे ते सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण पोरगं याच गावात राहतं, उद्या त्याचं लग्न जमवायचं आहे. ॲपचंही नाव लिहीत नाही. अशी बरीच होती, आणि त्याला जे भोगावं लागलं ते इतरांच्या ॲपवर झालं नसेल असं मला वाटत नाही.

आईला सांगायची सोय नव्हती म्हणून तो माझ्याकडे आला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. त्यामुळे खानदानात कुणालाही कुठलाही फॉर्म भरायचा असला की माझं दार वाजतं. "खाला, गेम बंद हुआ सो ठीक है," तो म्हणाला, "लेकिन पैसा तो निकलना चाहिए ना?"

मी विचारलं, किती गेले? त्याने उत्तर दिलं नाही, मोबाइल पुढे केला. त्यात एक फोल्डर होता, नाव ‘सबूत’. आत ११ डावांचे स्क्रीनशॉट, काहींचे व्हिडिओ. प्रत्येकात हिरव्या टेबलाच्या मधोमध एक चक्र फिरतंय आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की जोडणी पुन्हा सुरू होत आहे. १४ महिन्यांत ११ वेळा हे झालं, असं त्याचं म्हणणं. तारखा, वेळा, टेबलाचे नंबर सगळं नीट लिहून ठेवलेलं. दहावीला प्रयोगवही कधी पूर्ण न करणाऱ्या मुलाने हे केलं होतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

मला पोकर येत नव्हतं. आमच्या अब्बांनी घरात पत्ते येऊ दिले नाहीत; शेजारी मेंढीकोट चालायचा तोही आम्ही खिडकीतून बघायचो. त्यामुळे भाच्याने मला समजावून सांगायचं ठरवलं तेव्हा घरात पत्तेच नव्हते. माझ्याकडची मराठी मुळाक्षरांची कार्डं काढली, मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पेन्सिलने इस्पिक, बदाम, चौकट, किलवर काढले. पैशांच्या जागी भाजलेले चणे. ‘ज्ञ ज्ञानेश्वराचा’च्या पाठीवर बदामचा एक्का आला, त्याला इलाज नव्हता.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात, मग चौथा, मग पाचवा. आपले दोन आणि टेबलावरचे पाच यातून सर्वांत चांगले पाच जुळवायचे. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, समोरच्याने वाढवले तर तितके टाकायचे किंवा पत्ते खाली ठेवून बाहेर पडायचं. मोबाइलवर विचार करायला मोजके सेकंद मिळतात, वर थोडा राखीव वेळ. तो संपला आणि तुमच्यावर पैसे टाकायची पाळी असली, की ॲप तुमचे पत्ते स्वतःच खाली ठेवतं.

आता त्याचा सबूत नंबर सात. हातात बदामचा एक्का आणि बदामचा राजा. टेबलावर बदामची नव्वी, बदामची दुर्री, किलवरचा गुलाम. चौथा पत्ता बदामची पंजी. म्हणजे त्याच्याकडे पाच बदाम झाले, त्यात एक्का. "खाला, इस वक्त दुनिया में किसी के पास इससे बडा हाथ नहीं हो सकता," असं म्हणताना त्याचे डोळे चमकले. खरंच होतं ते, मी नंतर कार्डं मांडून तपासलं. समोरच्याने रक्कम वाढवली. याने सगळे चणे पुढे सारायला बोट उचललं. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. टेबल परत आलं तेव्हा नवा डाव वाटला जात होता. त्याने त्या डावात तोवर लावलेले ३ हजार १०० रुपये समोरच्याचे झाले होते.

रात्री एक वाजता छपराकडे बघत पडलेल्या पोराचं काय झालं असेल, मी समजू शकते. आपण चुकलो असतो तर स्वतःला शिव्या देता येतात. समोरचा चांगला खेळला तर त्याला मान देता येतो. इथे बोट हवेत राहिलं.

त्याने तक्रार केली. उत्तर आलं: त्या वेळी आमचा सर्व्हर व्यवस्थित चालू होता, अडचण आपल्या बाजूची असावी. यात खोटं काही नसेलही. असा खेळ चालतो तेव्हा घड्याळ एकच असतं, कंपनीच्या सर्व्हरवरचं. तुम्ही बोट लावलं त्या क्षणाला किंमत नाही, तो निरोप तिथे पोहोचला त्या क्षणाला आहे. मधल्या वाटेत काय काय असतं, हे भाच्यानेच मला सांगितलं, दुकानात रोज तेच बघतो तो. टॉवरवर गर्दी. स्वस्त मोबाइलची मेमरी भरली की तो एखादं ॲप गुपचूप बंद करतो. नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. आमच्याकडे वीज गेली की वायफायचा डबाही मरतो. यातलं नक्की काय झालं हे दाखवणारी नोंद ज्याच्याकडे आहे तो दुसरा पक्ष आहे. आणि खेळ सुरू करण्याआधी ज्या लांबलचक अटींखाली आपण मान्य असल्याची खूण करतो, त्यात जोडणी तुटल्याने होणाऱ्या नुकसानाला कंपनी जबाबदार नाही, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतंच.

मला हे नवीन नव्हतं. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख जवळ आली की आम्ही शिक्षक रात्री दोनला उठून बसतो, कारण दिवसा ते संकेतस्थळ उघडत नाही. साठ मुलांची माहिती भरून शेवटचं बटण दाबलं की गोल चक्र. सकाळी विचारणा होते, तुमचंच काम का राहिलं? इतरांचं कसं झालं? तुमच्याकडे नेट नव्हतं का? म्हणजे शेवटी दोष आपल्या बाजूचाच. माझ्या सहकारी बाईही स्क्रीनशॉट काढून ठेवतात. त्यांच्या फोल्डरचं नाव ‘पुरावे’ आहे.

भाच्याचा संशय मात्र पुढे गेला होता. त्याला वाटायचं, चांगले पत्ते आले की मुद्दाम हँग करतात. मी त्याला वेड्यात काढणार होते. पण शिक्षकाची खोड, आधी वाचून बघितलं. आणि वाचल्यावर वेड्यात काढायची हिंमत राहिली नाही.

पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर सुरू झालं १९९८मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या काही जणांनी एक गंमत शोधली. एका पोकर सॉफ्टवेअरच्या मालकांनी आपला कारभार किती स्वच्छ आहे हे दाखवायला पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅमच उघड करून ठेवला होता. ५२ पत्ते पिसले तर त्यांच्या मांडणीच्या शक्यता म्हणजे ८वर ६७ शून्यं. पण तो प्रोग्रॅम पत्ते पिसायला आकडा घ्यायचा घड्याळातून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे कितीही पिसा, मांडण्या तेवढ्याच. या लोकांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं, तेव्हा शक्यता साधारण दोन लाखांवर आल्या. मग आपले दोन पत्ते आणि टेबलावरचे पहिले तीन कळले की संगणक बाकी सगळ्यांचे पत्ते सांगायचा, आणि पुढे कुठला पत्ता निघणार तेही. त्यांनी हे गुपचूप वापरलं नाही, जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत.

दुसरा किस्सा २००७चा. ॲब्सोल्युट पोकर नावाच्या साइटवर एक खातं अशक्य वाटावं असं जिंकत होतं. हरलेल्यांपैकी एकाने त्या स्पर्धेच्या डावांची नोंद मागवली. कंपनीकडून त्याला जी फाइल आली त्यात सगळ्याच खेळाडूंचे झाकलेले पत्ते होते. लोकांनी बसून डाव तपासले आणि लक्षात आलं, त्या खात्याला दुसऱ्यांचे पत्ते दिसत असले पाहिजेत. आणि तसंच निघालं. कंपनीच्या आतूनच ती सोय झाली होती. अल्टिमेट बेट या दुसऱ्या साइटचंही असंच प्रकरण २००८मध्ये उघड झालं. सुरुवातीला या हरलेल्या लोकांनाही ऐकून घ्यावं लागलं होतं की तुम्हाला हार पचत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मी भाच्याला मुद्दाम सांगितली. सुरुवातीच्या काळात अनेक साइटांवर दयेचा एक नियम होता. जोडणी तुटली तर तुमचे पत्ते खाली ठेवायचे नाहीत. तोवर जितके पैसे लावले तितक्यापुरता तुमचा हात शेवटपर्यंत जिवंत धरायचा. काय झालं असेल? समोरच्याने मोठी रक्कम लावली की लोक फोनची वायर ओढायला लागले. पुढे पैसे न टाकता फुकटात शेवटचे पत्ते बघायला मिळायचे. साइटांनी आधी दिवसाला इतक्याच वेळा अशी मर्यादा घातली, मग ती सवलत हळूहळू गेलीच. म्हणजे सबूत नंबर सातमधला नियम असा निर्दय का झाला, त्याचं एक कारण वायर ओढणाऱ्यांत आहे.

भाचा हे ऐकून म्हणाला, "मैं भी खींचता शायद." प्रामाणिक आहे पोरगं.

तर संशयाला आधार आहे, आणि तरीही या ११ डावांत कुणी बेईमानी केली असं दाखवणारं काहीच आमच्याकडे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मला खटकलं ते निराळंच. तो त्या १४ महिन्यांत शेकडो डाव हरला असणार. त्यातले त्याला आठवतात किती? जवळजवळ एकही नाही. हे ११ मात्र पत्त्यांसकट पाठ. सबूत नंबर तीनमध्ये दोन राण्या होत्या, नऊमध्ये अठ्ठीची तिकडी. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर विरून जातो. हा मधेच अडकलेला डाव विरत नाही, कारण तो हरलाच नाही ना अजून! त्यात जिंकणं शिल्लक आहे. आणि जे शिल्लक आहे ते घ्यायला माणूस परत जातो. मी त्याच्या तारखा लावून बघितल्या. हँग झालेल्या रात्रीनंतर, बहुतेक वेळा त्याच तासाभरात, त्याने नव्याने पैसे भरले होते. साध्या हरण्यानंतर तो कित्येकदा झोपून गेला होता.

सात नंबरच्या डावाबद्दल मी त्याला विचारलं, पाचवा पत्ता निघाला असता तर? तू जिंकलाच असतास कशावरून? त्याने तोंडी हिशेब केला. समोरच्याकडे तिकडी असेल, तर न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी १० पत्ते असे, की त्याची जोडी जमून मला मागे टाकेल. म्हणजे साधारण २३ टक्के. "लेकिन सतत्तर तो मेरे थे, खाला." गणितात काठावर पास झालेला मुलगा. अपूर्णांक त्याला शाळेत कुणी चण्यांवर शिकवले नाहीत.

फासे खोटे होते, ही तक्रार जुनीच आहे. महाभारतात शकुनीच्या फाशांवर अजून लोक भांडतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अख्खं सूक्त जुगाऱ्याच्या तोंडी आहे, बायको घराबाहेर काढते इथपर्यंत त्यात येतं. आमच्या उर्दूवाल्यांनाही नाक वर करायला जागा नाही. मिर्झा गालिबला १८४७मध्ये जुगाराच्या गुन्ह्याखाली सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीन महिन्यांनी सुटला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा गालिबकडे लक्ष देतात. पण शकुनी असो की दिल्लीतला चौसरचा पट, फासे टाकणारा हात समोर दिसत होता. मनगट धरता येत होतं. माझ्या भाच्याने कुणाचं मनगट धरायचं?

एका रविवारी आम्ही हिशेबाला बसलो. मोबाइलमधल्या यूपीआयच्या नोंदी एकेक करून मी वहीत उतरवल्या. १४ महिन्यांत ९३ वेळा पैसे भरले होते. कधी थोडे, कधी जास्त, एकदाच ५,०००. एकूण १ लाख १८ हजार ५००. ॲपमध्ये उरलेले २३ हजार ४००. म्हणजे गेले ९५ हजार १००. मग ‘सबूत’ काढला. ११ अडकलेल्या डावांत मिळून त्याने लावलेले पैसे किती? १४ हजार ३५०. मी एकाखाली एक आकडे मांडले आणि वजाबाकी त्याला करायला सांगितली. ८० हजार ७५०. हे पैसे घेताना सर्व्हर एकदम छान चालत होता.

आणि ते गेले त्यातही गूढ काही नाही. अशी ॲप खेळाडूविरुद्ध खेळत नाहीत. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि टेबलावर जमलेल्या रकमेतून ॲप आपली काही टक्के दलाली उचलतं. प्रत्येक डावात थोडी. म्हणजे टेबलावर बसलेले सगळे मिळून नेहमी तोट्यात. वर १ ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला होता, त्याची झळ कधी कंपनीने सोसली, कधी खेळणाऱ्याने. एखादा खरोखर हुशार असतो, जिंकतो. भाचा हुशार नव्हता असं नाही. दिवसभर काम करून रात्री एकला खेळायला बसणारा, चार इंची स्क्रीनवर, हुशार होता.

खरं नुकसान कुठे झालं, ते मात्र ‘सबूत’मध्ये नव्हतंच. ते मला यूपीआयच्या नोंदींमध्ये सापडलं, एका रिकाम्या महिन्यात. मार्च २०२५मध्ये एकही व्यवहार नव्हता. रमजान होता. "रमजान में नहीं खेला मैं," तो म्हणाला. आणि मग सहज, काही विशेष नसल्यासारखं सांगितलं, की तेव्हा खात्यात ५२ हजार होते. महिनाभर ॲप उघडलं ते फक्त पैसे काढायला. आईला ईदला सोन्याचे टॉप्स घ्यायचे होते, बाकीचे बाजूला टाकायचे होते. तीनदा विनंती केली. तिन्ही वेळा नामंजूर.

कारण? नाव जुळत नाही.

पैसे भरताना ९३ वेळा नाव कुणी विचारलं नव्हतं. काढताना पॅन, आधार आणि बँक खातं, तिन्हींवर एकच नाव हवं. माझ्या भाच्याचं नाव तिन्हींवर तीन तऱ्हांचं आहे. का, हे मला कुणी सांगायला नको. वीस वर्षं मी शाळेत हेच बघते आहे. आमच्याकडे पुष्कळ घरांत आडनाव लावायची रीत नाही. मुलाचं नाव आणि पुढे बापाचं नाव, संपलं. शाळेच्या रजिस्टरात मात्र रकाने तीन: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. मग कुणी पुढचं ‘शेख’ आडनावाच्या रकान्यात टाकतो, कुणी ‘मोहम्मद’. उर्दूत ‘शेख’ एकाच तऱ्हेने लिहिला जातो. इंग्रजीत कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कुणी एस-एच-ई-आय-के-एच, तर कुणी मधला आय खाऊन टाकतो. ‘मोहम्मद’चे तर विचारूच नका, जागा कमी पडली की एम-ओ-एच-डी. आधार काढणाऱ्या मुलाने कानाला लागलं तसं टाइप केलं, बँकेतल्या माणसाने त्याच्या सवयीने. माणूस तोच, बाप तोच, जन्मतारीख तीच. यंत्राला तीन माणसं दिसली.

त्यात गंमत म्हणजे त्या ॲपच्या उत्तर देणाऱ्या यंत्राने शेख हेच पहिलं नाव धरलं होतं. प्रत्येक नकार ‘प्रिय शेख’ अशा मायन्याने सुरू व्हायचा. आमच्या मोहल्ल्यात प्रिय शेख अशी हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघेल.

मी विचारलं, मग पॅन दुरुस्त का नाही केलंस? तो म्हणाला, किया होता, खाला, लेकिन ईद के बाद दुकान में सीजन था. आणि पैसे तर तिथेच दिसत होते, रोज, हिरव्या आकड्यात. काढता येत नव्हते. खेळता मात्र येत होते. ईदच्या दुसऱ्या आठवड्यात तो परत बसला. एप्रिल संपायच्या आत ५२ हजारांचे ६ हजार झाले.

या नकारांचा एकही स्क्रीनशॉट त्याने काढलेला नव्हता. चक्र फिरलं की त्याला राग यायचा, पुरावा ठेवावासा वाटायचा. नाव जुळत नाही म्हटलं की तो गप्प बसायचा. लहानपणापासून ऐकत आला आहे तो हे. शिष्यवृत्तीच्या वेळी, गॅसच्या वेळी, सिमकार्डाच्या वेळी. त्यात कुणाची तक्रार करायची असते, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. मला त्या ११ चक्रांपेक्षा या तीन नकारांचा राग जास्त आला, आजही येतो. ९५ हजारांचं पाप मी त्या स्पेलिंगवर घालत नाही; खेळायला कुणी बळजबरी केली नव्हती. पण मार्चमध्ये दार उघडलं असतं तर ४६ हजार रुपये घरी आले असते, आणि तो पोरगा तेव्हा थांबला होता. महिनाभर थांबलेला होता.

बंदीनंतर कंपन्यांनी खेळ बंद केले, पैसे काढायची सोय ठेवली. आम्ही पॅन दुरुस्तीचा फॉर्म भरला. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार जोडलं, बँकेत वेगळा अर्ज. हे करायचं तर आपाला सांगणं भाग होतं, कागद तिच्या कपाटात होते. ती ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तो पैसा घरात नको. कुरआनात जुगाराला मैसिर म्हटलंय आणि दारूच्या शेजारी बसवलंय, तेवढं तिला पुरेसं होतं. मी म्हणाले, आपा, हे जिंकलेले नाहीत, त्याच्या पगारातले उरलेले आहेत. ती मशिदीतल्या मौलानांना विचारून आली. त्यांनी सांगितलं, स्वतःची भरलेली रक्कम परत येत असेल तर ती त्याचीच. वर आलं असेल तेवढं सवाबची नियत न ठेवता एखाद्या गरजूला देऊन टाका. मी माझी वही दाखवली. वर काही आलेलंच नव्हतं. माझ्या हिशेबाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी नवं पॅन आलं. नाव तिन्ही ठिकाणी एकसारखं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे बँकेत जमा झाले. एका दमात, कसलंही चक्र न फिरता. आपाने त्यातला रुपयाही घेतला नाही, त्याच्या नावाने पोस्टात ठेवायला लावले. तसं म्हटलं तर तो नशीबवानच. अमेरिकेत १५ एप्रिल २०११ला सरकारने मोठ्या पोकर साइटांवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्ट नावाच्या साइटवरच्या तिथल्या खेळाडूंना आपले पैसे बघायला २०१४ साल उजाडलं.

‘सबूत’ फोल्डर अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे. मी पुसून टाक म्हटलं नाही. शाळेतली ती कार्डं मात्र मी परत नेली. पाचवीतल्या एका मुलीने ‘ज्ञ’ उलटा करून बघितला आणि विचारलं, टीचर, ये दिल किसने बनाया?

गेल्या आठवड्यात तो जेवायला आला होता. हात धुतल्यावर मोबाइल काढून एक मेसेज दाखवला. अनोळखी नंबर, परदेशातलं कुठलंसं ॲप, बंदी आम्हाला लागू नाही, सर्व्हर कधी हँग होत नाही, केवायसीची कटकट नाही.

"खाला, इसमें तो नाम भी नहीं पूछते."

मी विचारलं, "पैसा निकालते वक्त भी नहीं पूछते क्या?"

त्याने मोबाइल परत घेतला. "वो तो नीचे लिखा होगा," म्हणाला, आणि अंगठ्याने मेसेज वर सरकवत राहिला.